सुरकुत्यांवरच्या क्रीमचा इतिहास : रातांधळेपणापासून रेटिनॉलपर्यंत

बाळ नऊ महिन्यांचे झाले की गोवराच्या लशीबरोबर त्याला एक औषध तोंडाने पाजतात. ते असते ‘अ’ जीवनसत्त्व, म्हणजे रातांधळेपणा टाळणारे. चाळिशीनंतर डोळ्यांच्या कडेला रेषा दिसू लागल्या की ज्या ‘रेटिनॉल’ क्रीमची जाहिरात तुमच्यासमोर येते, त्यातही हेच जीवनसत्त्व असते. डोळ्यांचे हे औषध चेहऱ्यावर कसे आले, हे कळले की ते कसे वापरायचे, हेही सोपे होते.

१९१३ साली अमेरिकेत एल्मर मॅकॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांना लोणी व अंड्यातील पिवळ्या बलकात, उंदरांच्या वाढीसाठी लागणारा, स्निग्ध पदार्थात विरघळणारा एक घटक सापडला. तेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व ठरले. १९२५ मध्ये वोलबाक आणि हाउ यांनी दाखवले की, हा घटक न मिळालेल्या उंदरांच्या श्वासनलिकेचे ओलसर अस्तर कोरडे, जाड आणि खवल्यांसारखे होते. म्हणजे पेशींनी कसे वाढायचे, हे हे जीवनसत्त्व ठरवते. मग त्वचेच्या पेशींचे काय, हा प्रश्न ओघानेच आला.

१९६०च्या दशकात जर्मनीत गुंटर श्टुटगेन यांनी खवले धरणाऱ्या त्वचारोगांवर ‘अ’ जीवनसत्त्वाचे आम्ल, म्हणजे ट्रेटिनॉइन, लावून पाहिले. गुण येई, पण त्वचा लाल होऊन आग होई. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी ते मुरुमांवर उपयोगी पडते असे दाखवले. १९७१ मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी त्याला परवानगी मिळाली.

या यशाची काळी बाजूही तुम्हाला ठाऊक असायला हवी. क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर अनेक प्रयोग केले. त्यात कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. थोड्या पैशांसाठी तयार झालेल्या या माणसांना धोक्यांची नीट कल्पना दिली जात नसे. या औषधावरचे सुरुवातीचे काही काम त्याच तुरुंगात झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. आज कोणत्याही औषधाच्या चाचणीआधी माहिती देऊन संमती घेतली जाते, त्या नियमामागे असे इतिहास आहेत.

मुरुमांसाठी क्रीम लावणाऱ्या वयस्क स्त्रियांची त्वचा नितळ दिसू लागली, तेव्हा लक्ष सुरकुत्यांकडे वळले. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ३० जणांवर १६ आठवडे केलेल्या चाचणीत उन्हाने झालेल्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या. मात्र बहुतेकांची त्वचा लालही झाली. बातमी पसरताच औषधाच्या दुकानांवर झुंबड उडाली. बारीक सुरकुत्यांसाठी अधिकृत परवानगी मात्र १९९५ मध्ये आली.

सौम्य क्रीमची गोष्ट इथून सुरू होते. रेटिनॉल त्वचेत शिरल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड बनते, मग आम्ल. काम करते ते हे आम्लच. दोन पायऱ्या चढून ते थोडे थोडे तयार होते, म्हणून जळजळ कमी होते. पण परिणामही सावकाश दिसतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ८७ वर्षे वयाच्या ३६ जणांच्या एका हातावर ०.४ टक्के रेटिनॉल आणि दुसऱ्यावर साधे लोशन लावले. २४ आठवड्यांनी रेटिनॉलच्या हातावरच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या होत्या.

भारतात याच इतिहासाची एक वाईट शाखा पसरली आहे. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी काळ्या डागांसाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचवले. अशी मिश्रणे आपल्याकडे अनेकजण ‘गोरे करणारे क्रीम’ म्हणून चिठ्ठीविना आणून महिनोन्महिने लावतात. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तिथे केस येतात. म्हणून ट्यूबवरची नावे वाचा. ‘-सोन’ किंवा ‘-सोलोन’ने संपणारे नाव, उदाहरणार्थ मोमेटासोन, दिसले तर ते बहुधा स्टेरॉइड असते.

सौम्य रेटिनॉल वापरून पाहायचे असेल तर :

• ०.३ टक्क्यांपर्यंतचे निवडा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांसाठी हीच कमाल मर्यादा ठरवली आहे.
• आठवड्यातून दोन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढेच लावा. वर मॉइश्चरायझर लावा. सोसले तरच रात्री वाढवा.
• दिवसा सनस्क्रीन लावाच. सुरकुत्यांचे मोठे कारण ऊनच आहे.
• किमान तीन ते सहा महिने थांबा.
• गरोदर असाल किंवा दिवस राहावेत असा प्रयत्न चालू असेल तर लावू नका.
• एक्झिमा असेल किंवा आग थांबत नसेल तर बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

खोल सुरकुत्या आणि सैल पडलेली कातडी कोणत्याही क्रीमने जात नाही. बारीक रेषा आणि खडबडीतपणा थोडा कमी होतो, तोही क्रीम चालू ठेवले तरच. एवढी अपेक्षा ठेवून सुरुवात केलीत तर निराशा होणार नाही.