रात्री मांजर अत्यवस्थ, रस्ते बंद: अशा वेळी शेजारी काय करू शकतात?

अनंत चतुर्दशीची रात्र. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता विसर्जन मिरवणुकीसाठी बंद. पुण्याची ही मिरवणूक अलीकडे २४ तासांहून जास्त चालते. अशा वेळी नारायण पेठेतल्या एखाद्या घरात बोक्याची लघवी तुंबली तर? एरवी दहा मिनिटांवर असलेला दवाखाना त्या रात्री दुसऱ्या तालुक्यात असल्यासारखा लांब जातो. पावसाळ्यातही तेच. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि डेक्कनला जायचा जवळचा रस्ता तुटतो.

दुर्गम भागात काय करतात?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ही अडचण बारमाही आहे. अशा भागांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आणि फिरती पशुवैद्यकीय पथकं आहेत. केंद्राच्या निकषानुसार साधारण १ लाख पशुधनामागे एक गाडी असते. तिच्यात पशुवैद्यक, त्यांचे सहायक आणि चालक असतात. ही सेवा मुख्यतः गाईगुरं, शेळ्यामेंढ्यांसाठी आहे आणि गाडी पोहोचेपर्यंत जनावर सांभाळायचं काम शेजाऱ्यांवरच येतं.

कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या अनेक वस्त्यांत कायमचा पशुवैद्यक नाही. तिथे स्वयंसेवी पशुवैद्यक विमानाने जाऊन काही दिवसांची शिबिरं भरवतात. एरवी फोनवरचा सल्ला आणि शेजाऱ्यांची मदत यांवरच भागवावं लागतं.

कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही?

- बोका वारंवार लघवीला बसतोय, पण होत नाही. लघवी पूर्ण अडली तर २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो.
- मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय आणि उलटीचा उमाळा येऊनही काही पडत नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो. हातात काही तासच असतात.
- हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडल्यात, श्वास लागलाय, झटके थांबत नाहीत.
- उंदराचं औषध खाल्लंय. काही औषधांमुळे रक्त गोठणं थांबतं, पण लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात. म्हणून ‘आत्ता तर बरा दिसतोय’ म्हणून थांबू नका. औषधाचं पाकीट सोबत न्या.

काय करू नये?

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. माणसांची वेदनाशामकं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ग्रुपवर कोणी डोस सांगितला तरी आधी डॉक्टरांना फोन करा.

जखमी प्राणी ओळखीचा असला तरी वेदनेने चावू शकतो. अंगावर जाड टॉवेल टाका आणि चादरीची झोळी करून उचला. चावलाच तर जखम १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखान्यात जा.

गल्लीचा गट कसा तयार करायचा?

संकट यायच्या आधी पाच गोष्टी लिहून ठेवा:

१. रात्री उघडे असणारे दोन दवाखाने. फोन करून खात्री केलेले.
२. दोन वाटा. एक गाडीची, एक पायी नदीपलीकडे जायची. पलीकडे गाडी घेऊन कोण थांबणार, त्याचं नाव.
३. प्राणी न्यायचा पिंजरा कोणाकडे आहे. बोळात रिक्षा शिरत नसेल तर तो हातानेच रस्त्यापर्यंत न्यावा लागतो.
४. प्रत्येक प्राण्याचं वजन, लसीकरण आणि चालू औषधं यांचा फोटो.
५. रक्त देऊ शकतील असे कुत्रे. साधारणपणे १ ते ८ वर्षं वयाचे, २५ किलोंपेक्षा जास्त वजनाचे, लसीकरण झालेले, निरोगी. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना धोका तुलनेने कमी असतो. मांजरांच्या बाबतीत मात्र पहिल्या वेळीही रक्तगट जुळवावाच लागतो.

पैशांचं काय?

वर्गणी काढायची असेल तर आधी दवाखान्याकडून अंदाजे खर्च लेखी घ्या. पैसे शक्यतो थेट दवाखान्याच्या खात्यात भरा आणि बिल ग्रुपवर टाका. उरलेले पैसे पुढच्या प्राण्यासाठी ठेवायचे की परत करायचे, हे सुरुवातीलाच सांगा. भांडणं बहुतेकदा याच मुद्द्यावर होतात.

पोस्ट टाकताना

‘कोणीतरी मदत करा’ एवढंच लिहिलं तर पोस्ट शंभर जण शेअर करतात आणि जागेवर कोणीच जात नाही. नेमकं ठिकाण, प्राण्याची अवस्था, वेळ, जवळ कोण थांबलंय आणि गाडी, पैसे, रक्त यांपैकी नेमकं काय हवंय ते लिहा. मदत मिळाली की पोस्टवर तसं लिहा, नाहीतर तीच पोस्ट चार दिवस फिरत राहते आणि खरी गरज असलेल्यांचे फोन लागत नाहीत.

मिरवणुकीच्या रात्री बंद रस्ता कोणी उघडून देणार नाही. पण पिंजरा कोणाकडे आहे आणि पुलापलीकडे गाडी कोणाची, हे आधीच ठरलेलं असेल तर हातातला वेळ शोधाशोधीत जाणार नाही.