सवत, कादंबरी आणि एक ठराव

मार्च १९१८ मध्ये लाहोरला अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम या मुस्लिम स्त्रियांच्या परिषदेचे अधिवेशन भरले. तिथे जहाँआरा शाहनवाज यांनी बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव मांडला. वय एकवीस; ‘हुस्नआरा बेगम’ ही कादंबरी तोवर लिहून झालेली. या ठरावाचा शब्द न् शब्द नीट वाचायला हवा. दुसरे लग्नच इस्लामबाह्य, असे तो म्हणत नाही. मुसलमानांच्या काही थरांत ज्या तऱ्हेचे बहुपत्नीत्व चालते, ते कुराणाच्या खऱ्या आशयाविरुद्ध आहे, असे म्हणतो. सगळा भार ‘ज्या तऱ्हेचे’ या शब्दांवर आहे. बायकांनी धर्म सोडला नव्हता, धर्मग्रंथालाच साक्षीला बोलावले होते.

ही साक्ष वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली होती. देवबंदला शिकलेले मौलवी मुमताज अली ‘हुकूक-ए-निस्वाँ’ (स्त्रियांचे हक्क) या आपल्या पुस्तकाचे हस्तलिखित घेऊन अलीगढला सर सय्यद अहमद खान यांच्याकडे गेले. सर सय्यदांनी पाने चाळली, रागाने लाल झाले, हस्तलिखित फाडून केराच्या टोपलीत टाकले. तेवढ्यात जेवणाचे बोलावणे आले. ते उठून गेल्यावर मुमताज अलींनी टोपलीतून पाने वेचून घेतली. हे आपल्याला कळते ते मुमताज अलींच्याच आठवणींतून, म्हणजे साक्षीदार एकच. पण सर सय्यद मार्च १८९८ मध्ये वारले आणि पुस्तक निघाले ते त्यानंतर, हा क्रम आठवणीशी जुळतो. मला ती हकिगत खरी वाटते.

पुस्तकातला युक्तिवाद साधा आहे. सूरा निसाची तिसरी आयत चार बायकांपर्यंत मुभा देते, पण सर्वांना समान न्याय देण्याच्या अटीवर. त्याच सूरेतली १२९वी आयत सांगते, की मनात असले तरी पुरुषांना असा न्याय साधणार नाही. दोन्ही एकत्र वाचल्या की मुभेला जागाच उरत नाही.

१८९८ मध्येच मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी लाहोरात ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’ हे साप्ताहिक काढले. संपादक मुहम्मदी बेगम. त्या स्वतः कादंबरीकार होत्या. पडद्याआडच्या बायकांना लिहायला हक्काची जागा मिळाली.

त्याआधी, १८८५ मध्ये, उर्दू कादंबरीकार नज़ीर अहमदांनी दुसऱ्या लग्नावर ‘फ़साना-ए-मुब्तला’ ही कादंबरी लिहिली होती. नायक मुब्तला, म्हणजे संकटात सापडलेला. पहिली बायको गैरत बेगम, नावातच स्वाभिमान. दुसरी हरियाली. लेखक दुसऱ्या लग्नाच्या विरोधात आहे, यात शंका नाही. पण घर बुडते ते दोन बायकांच्या भांडणात. त्रस्त कोण, तर नवरा. कादंबरीला नावही त्याचेच. ‘तहज़ीब’मधून पुढे आलेल्या नज़र सज्जाद हैदर यांनी याच विषयावर कादंबरी लिहिली, तिचे नाव ‘आह-ए-मज़लूमाँ’. मज़लूम म्हणजे ज्याच्यावर जुलूम झाला असे माणूस; इथे बाई. नुसत्या शीर्षकातूनही त्रस्त माणूस बदललेला दिसतो.

लाहोरच्या ठरावावर मोठा गदारोळ उठला. त्याचा दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. शिकलेल्या बायकांनी आपल्या नात्यागोत्यात वजन वापरून ही चाल बंद पाडावी, असे त्यात आहे. सवतीशी भांडणारी बाई इथे नाही. आहे ती लेकीचे स्थळ बघणारी, घरात ज्यांचा शब्द चालतो अशा आयाबायांमध्ये बसलेली.