हँडीकॅमची कुळकथा

आपल्या माणसांना हलताबोलताना टिपून ठेवायची हौस मराठी माणसाला कथापटांच्या आधीपासूनची आहे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. त्या नवलाईने भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, इंग्लंडहून कॅमेरा मागवला. किंमत 21 गिनी. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा लेन्स आणि उजेड त्यांना नवा नव्हता. त्या कॅमेऱ्याने त्यांनी काय टिपलं? 1899 साली हँगिंग गार्डनवर झालेली पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती. मग 1901 च्या डिसेंबरात, केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत. नट नाहीत, गोष्ट नाही. समोर घडतंय ते जपून ठेवायचं, एवढाच हेतू. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो 1913 साली. म्हणून आपल्याकडच्या हँडीकॅमचा मूळपुरुष मी सावेदादांना मानतो.

मात्र कुस्तीची ती फिल्म धुण्यासाठी बोटीने विलायतेला पाठवावी लागली. आज टिपलेलं आजच पाहायला मिळत नाही, ही अडचण पुढे कित्येक दशकं सुटली नाही. कोडॅकने हौशी लोकांसाठी 1923 साली 16 मिलिमीटरची, 1932 साली 8 मिलिमीटरची आणि 1965 साली सुपर 8 फिल्म आणली. कॅमेरे हलके झाले, पण सुपर 8 चं एक काडतूस जेमतेम तीन मिनिटं चालायचं आणि धुऊन येईपर्यंत वाट पाहावीच लागायची. आपल्याकडे ही चैन मोजक्या घरांतच राहिली.

सुटका केली ती चुंबकीय टेपने. चित्राचा संदेश इतका दाट असतो की गाण्याच्या कॅसेटसारखी टेप सरळ ओढली, तर मैलोन्‌मैल टेप लागेल. म्हणून टेप सावकाश सरकवायची आणि तिच्यावर लिहिणारं डोकंच गरगर फिरवायचं, अशी युक्ती निघाली. व्हिडिओ 8 या कॅसेट-प्रकाराच्या कॅमेऱ्यात टेप सेकंदाला दोनच सेंटीमीटर पुढे जाते. तिचा वेढा घातलेला असतो तो तिरक्या बसवलेल्या 40 मिलिमीटर व्यासाच्या ढोलकाला. आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या कॅमेऱ्यात ते मिनिटाला 1500 फेरे घेतं. एका फेऱ्यात एक पूर्ण चित्र, सेकंदाला पंचवीस. झाकण उघडून कॅसेट आत सरकवली की बारीकसा ‘खर्रर्र’ आवाज यायचा. टेप बाहेर ओढून ढोलकाभोवती गुंडाळली जात असल्याचा तो आवाज. एवढं नाजूक काम माणसाच्या तळहातावर चालतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

सुरुवातीला कॅमेरा हातात आणि रेकॉर्डर खांद्याच्या पट्ट्याला, अशी दोन ओझी होती. सोनीच्या बेटामूव्हीने 1983 साली ती एकत्र केली, पण तिच्यात टिपलेलं तिच्यातच पाहता येत नव्हतं. जेव्हीसीच्या 1984 च्या जीआर-सी1 मध्ये ते पाहता येऊ लागलं. लोक लहान आकाराचं कौतुक करतात. मला मात्र खरा टप्पा हाच वाटतो. पुढे 1989 साली सोनीने पासपोर्टच्या आकाराचा म्हणून टीआर55 विकला, वजन सुमारे 790 ग्रॅम. प्रवासाची बॅग डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा कॅमेरा.

आपल्याकडे तेव्हा आयातीवर कडक निर्बंध होते. उरलेसुरले उठले ते 1 एप्रिल 2001 ला. तोवर नव्या कॅमेऱ्याचा राजमार्ग म्हणजे दुबईचे नाहीतर अमेरिकेचे नातेवाईक. ‘काका, येताना एक हँडीकॅम आणा’ हे सांगणं सोपं होतं, पण अमेरिकेतला कॅमेरा एनटीएससी पद्धतीचा आणि आपले टीव्ही पालचे. जोडणी केली की चित्र काळंपांढरं तरी दिसायचं, नाहीतर वरखाली पळत राहायचं. जाणते लोक म्हणून आधीच बजावायचे, ‘पाल बघूनच घ्या.’

आमच्या सोलापुरात लग्नाचं शूटिंग स्टुडिओवाल्यांकडे असायचं. खांद्यावर मोठा कॅमेरा आणि डोळे दिपवणारा दिवा. हँडीकॅम आला तो गोवा, महाबळेश्वर, उटीच्या सहलींसाठी. पण सहल वर्षातून एकदा. कॅमेऱ्याची हौस खरी भागायची ती संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत. पांढऱ्या बाराबंदीतले भाविक, सातही नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, होम मैदानावरचे पाळणे. गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून घेतलेलं चित्र हलायचं, तरी घरी टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लावली की शेजारपाजारचे गोळा व्हायचे आणि ‘थांब थांब, मागे घे, आजी दिसली’ म्हणायचे.

त्या कॅसेट आज माळ्यावर आहेत, आणि काळजी त्यांचीच वाटते. सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशी कमी धरते, पण पत्र्याखालच्या एप्रिल-मेच्या तापात टेपवरचा चुंबकीय थर खराब होतो. त्यातून कॅमेरेच बंद पडत चाललेत. एक वाट अजून उघडी आहे. 1999 पासून आलेल्या डिजिटल 8 कॅमेऱ्यांपैकी बरेचसे जुन्या व्हिडिओ 8 च्या कॅसेट वाचतात आणि फायरवायरच्या केबलने थेट संगणकात उतरवतात. असा एखादा चालू कॅमेरा कुणाकडे असेल, तर चारपाच घरांनी मिळून तो वापरावा. लावण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. दीड तासाची कॅसेट उतरायला दीड तासच लागतो, तेव्हा पहिली लावायची ती ज्यात घरातली गेलेली माणसं बोलताना ऐकू येतात ती, समुद्रकिनारे मागाहून.