फॉलिक अम्लविरोधी औषधे

फॉलिक अम्ल हे ब गटातील जीवनसत्त्व असून कोशिकांच्या विभाजनास लागणाऱ्या न्यूक्लिइक अम्लांच्या निर्मितीत ते आवश्यक असते. त्याच्या निर्मितीत वा कार्यात अडथळा आणणाऱ्या द्रव्यांना फॉलिक अम्लविरोधी औषधे म्हणतात. औषधशोधाला केवळ चाचपणीवर विसंबून न राहता जीवरसायनशास्त्राचा आधार कसा मिळाला, हे त्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

गेरहार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये प्राँटोसील या तांबड्या रंगद्रव्याचा जंतुविरोधी गुण प्रसिद्ध केला. उंदरांना वाचविणारे हे द्रव्य परीक्षानलिकेतील जंतूंवर मात्र निष्प्रभ ठरे. त्याच वर्षी पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी हे कोडे उलगडले : शरीरात रंगद्रव्याचे विघटन होऊन सल्फानिलामाइड सुटते व तेच गुणकारी असते. पॅरा-अमिनोबेंझॉइक अम्ल मिसळल्यास सल्फानिलामाइडाचा परिणाम नाहीसा होतो, असे डॉनल्ड वुड्स यांना १९४० मध्ये आढळले. दोन्ही रेणूंची घडण इतकी सारखी आहे की, जंतूंचे एंझाइम जणू फसते. हे अम्ल फॉलिक अम्लाचाच घटक असल्याचे पुढे कळले. अनेक रोगजंतूंना फॉलिक अम्ल स्वतः तयार करावे लागते. मनुष्याला ते अन्नातून मिळते, म्हणून त्याची निर्मिती रोखल्यास जंतूंची वाढ थांबते, रोग्याची उपासमार होत नाही.

मनुष्यातील या जीवनसत्त्वाचा शोध मुंबईशी निगडित आहे. तेथील गरीब गर्भवती स्त्रियांच्या तीव्र पांडुरोगावर यीस्टचा अर्क उपयुक्त असल्याचे लूसी विल्स यांनी १९३१ मध्ये दाखविले. त्यातील गुणकारी घटक फॉलिक अम्ल होता. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांपासून मिळविण्यात आले. पुढे त्याचे संश्लेषण अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली झाले.

श्वेतकोशिकार्बुद (रक्ताचा कर्करोग) झालेल्या मुलांना फॉलिक अम्लाची संयुगे दिल्यावर रोग बळावतो, असे बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांच्या निदर्शनास आले. तेव्हा त्यांनी उलट मार्ग धरला. लेडर्लीत तयार झालेल्या अमिनोप्टेरिनात मूळ रेणूतील एका हायड्रॉक्सिल गटाच्या जागी अमिनो गट असतो. ते दिलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांत सुधारणा झाल्याचे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. ही सुधारणा तात्पुरती होती आणि रोग पुन्हा उलटे. तथापि तोवर या मुलांसाठी परिणामकारक असा उपायच नव्हता. सुब्बाराव त्याच वर्षी निवर्तले. त्यांच्या कार्याच्या मानाने त्यांना मिळालेली प्रसिद्धी फारच थोडी होय.

अमिनोप्टेरिनाची जागा पुढे मिथोट्रेक्सेटाने घेतली. ते ज्या एंझाइमाला जखडते ते निरोगी कोशिकांतही असल्याने तोंड येणे, रक्तनिर्मिती मंदावणे असे उपद्रव होतात. तरीही बालकांच्या श्वेतकोशिकार्बुदावर इतर औषधांच्या जोडीने आणि अल्प मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर ते आजही वापरतात.