बोर्डिंगातला उन्हाळा

विद्यार्थ्यांचा इतिहास शोधायला गेले की हाती लागतो तो शाळांचा इतिहास. कोनशिला कोणी बसवली, जागा कोणी दिली, पहिल्या वर्षी पटावर किती मुले होती, हे सगळे कागदावर सापडते. पण त्या पटावरचा मुलगा पहाटे उठून काय करत होता, वार्षिक परीक्षा संपल्यावर कुणाच्या खांद्यावर हात टाकून हिंडत होता आणि मे महिन्यात गावी गेल्यावर त्याचे काय होत होते, याची नोंद कुणी ठेवत नाही. मला आज त्या न नोंदलेल्या महिन्यांविषयी बोलायचे आहे. गाव सातारा. काळ १९४७ ते १९५१. साक्षीदार एकच, माझे अब्बा. ते आता नाहीत. पण त्यांनी सांगितलेले बरेचसे मला पाठ आहे, कारण दर उन्हाळ्यात ते पुन्हा सांगत.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलासाठी एक सोय होती. वार लावून जेवायचे, नाहीतर माधुकरी मागायची. सात घरचे सात वार जमले की आठवडा निभावत असे. पुढे मोठी झालेली कितीतरी माणसे अशी शिकली आणि त्यांनी ते कृतज्ञतेने लिहूनही ठेवले. मात्र ही सोय ब्राह्मणाच्या मुलाला होती. कुणब्याच्या, मुलाण्याच्या, गावाबाहेर राहणाऱ्याच्या मुलाला शाळेत नाव घालता आले तरी संध्याकाळी जेवायचे कुठे आणि निजायचे कुठे, हा प्रश्न उरायचाच. बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे निम्मा तरी भाकरीचा इतिहास आहे, असे मला वाटते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हा प्रश्न बरोबर ओळखला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आले. जातीजातींची वेगळी बोर्डिंगे काढली म्हणून महाराजांवर आज टीका करणारे आहेत. ती मला घाईची वाटते. प्रत्येक समाजाने आपली मुले आधी घराबाहेर पाठवावीत, हेच त्या काळी मोठे काम होते.

त्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करून आत ये, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगातली जागा गमावली. याच भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. त्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहणार, एकत्र रांधणार, एका पंगतीत जेवणार, हा नियम होता. फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. बोर्डिंग धनिणीच्या बागेत होते. एकदा कोठीत धान्य उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातले, ही गोष्ट साताऱ्यात अजूनही घरोघर सांगतात. १९३० साली त्या वारल्या. अब्बांनी त्यांना पाहिले नव्हते, पण बोलताना 'वहिनी' म्हणत, जणू कालच ताटात आमटी वाढून गेल्या असाव्यात.

१९४० साली संस्थेचे महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. राहायचे, शिकायचे, आणि त्याबदली काम करायचे. १९४७ च्या जूनमध्ये अब्बा तिथे दाखल झाले. माण तालुक्यातला, मुलाण्याचा मुलगा, तेरा वर्षांचा. बरोबर एक वळकटी, पितळी तांब्या आणि जोंधळ्याची गठडी.

वसंत ऋतू म्हटला की आपण कवी लोक लगेच कोकिळा शोधायला लागतो. अब्बांच्या सांगण्यात कोकिळा नव्हती. फाल्गुन आला म्हणजे विहिरीचे पाणी खाली जायचे आणि पोहरा ओढायला दोन हात जास्त लागायचे, हा त्यांचा वसंत. पहाटे पाळी असेल त्यांनी दळण, पीठ मळणे, भाकऱ्या भाजणे बघायचे. उरलेल्यांनी शेतात किंवा दगडधोंडे वेचायला जायचे. अजिंक्यताऱ्याच्या अंगाला चार भिंतींकडचा माळ आहे, तिथे त्यांनी पहार चालवलेली होती. तिचा घट्टा उजव्या हातावर शेवटपर्यंत होता. मग शाळा. रात्री कंदिलाभोवती अभ्यास. एका कंदिलाला चौघे, त्यामुळे जो पान उलटायची घाई करी त्याला टपली बसे.

भाकरी करायला सगळ्यांनाच शिकावे लागे. अब्बांची पहिली भाकरी परातीतच फाटली. ती थापायला त्यांना शिकवले ते एका मुलाने, ज्याला सगळे 'मास्तर' म्हणत. त्याचे घर गावकुसाबाहेरचे, १९५६ नंतर ते बौद्ध झाले. गावच्या शाळेत तो वर्गाबाहेर बसून शिकलेला, म्हणून की काय, त्याला ऐकूनच धडे पाठ होत. तिसरा दोस्त मराठ्याचा. बाप गावचा पाटील, म्हणून हा 'पाटील'. अंगाने दांडगा, इंग्रजीत कच्चा. मास्तर त्याच्याकडून स्पेलिंगे घोकून घेई आणि पाटील त्याच्या वाटचे पोहरे ओढी. अब्बांचे नाव अर्थातच 'मुलाणी'. तिघांच्या दोस्तीची सुरुवात पिठात झाली, असे ते म्हणायचे.

१९४८ साली सरकारशी खटका उडून संस्थेचे अनुदान बंद झाले. इतिहासात हे प्रकरण मोठे आहे. मुलांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की आमटी पातळ झाली आणि हुलग्याचे माडगे वारंवार ताटात यायला लागले. अण्णा गावोगाव फिरत होते, लोक धान्य देत होते. पांढरी दाढी, हातात काठी, खांद्यावर घोंगडी अशी ती आकृती दिसली की मुले पहिल्यांदा मागे पोती आहेत का ते बघत. हे सांगताना अब्बांना थोडी शरम वाटे, पण सांगत.

फुरसत नव्हती असे मात्र नाही. परीक्षा एप्रिलमध्ये संपे आणि गावी जायच्या आधी चारसहा दिवस मोकळे मिळत. त्या दिवसांत सातारा या मुलांचे होई. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पोहायला जायचे. पाटलाने दोघांना पोहायला शिकवले, म्हणजे पाठीवर घेऊन मधोमध सोडून दिले. यवतेश्वरच्या उतारावर करवंदे. खिशात पैसा नसल्यामुळे बाजारपेठेतून नुसते चालणे ही करमणूक होती. सिनेमाच्या तंबूबाहेर उभे राहून ऐकलेली गाणी अब्बांना पुरी येत, चित्रपट मात्र एकही पाहिलेला नसे. संध्याकाळी हुतूतू, आट्यापाट्या. रात्री अंगणात घोंगड्या टाकून गप्पा. त्या गप्पांत कोण काय होणार हे ठरे. मास्तरने मास्तर व्हायचे ठरवले होते आणि तो झाला.

बोर्डिंग वर्षभर जे शिकवी त्याची परीक्षा एप्रिलमध्ये नव्हे, मे महिन्यात होई. मुले गावी जात. तिथे जुना पट तसाच मांडलेला असे.

१९४९ च्या सुट्टीत मास्तर अब्बांकडे आला, दोन दिवस राहायला म्हणून. माझी दादी प्रेमळ बाई होती. तिने त्याची विचारपूस केली, शेवयांची खीर केली. पण पाणी मागितल्यावर ओंजळ पुढे करायला लावून वरून धार धरली. अब्बा बघत होते. बोलले नाहीत. आपल्याकडे मुसलमानांत शिवाशिव नव्हती, असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. धर्मात नव्हती हे खरे. गावात मात्र आम्ही बलुतेदार होतो. जत्रेचे बकरे मुलाण्याने कापायचे, त्याचा वाटा त्याला मिळायचा. ज्याला गावात मान असतो त्याला आपल्या खालची पायरीही नेमकी ठाऊक असते. मास्तर दुसऱ्याच दिवशी, घरी काम आहे म्हणून निघून गेला.

पुढच्या वर्षी, १९५० साली, २६ जानेवारीला बोर्डिंगात झेंडावंदन झाले. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपली, हे गुरुजींनी मुलांना समजावून सांगितले. वैशाखात पाटलाच्या गावची जत्रा होती. त्याने घरी न विचारता दोघांना आवतण दिले. ऊन टाळायला ते रात्रीचे चांदण्यात चालत गेले. पालखी पाहिली. दुपारी जेवणाची वेळ झाली. पाटलाच्या आईने अब्बांना सोप्यात घोंगडीवर बसवले. मास्तरला गोठ्याच्या भिंतीलगत सावलीत पत्रावळ दिली. वाढायला पाटील स्वतः होता. तो सोप्यात आला, गोठ्याकडे गेला, पुन्हा आत गेला. दोघांकडेही त्याने मान वर करून पाहिले नाही. आपण पत्रावळ उचलून गोठ्यात जावे, असे अब्बांच्या मनात आले. ते बसून राहिले. मटणाचा रस्सा फार चांगला झाला होता, तो आठवतो याचा राग येतो, असे ते म्हणायचे.

मास्तर शांतपणे जेवला. पत्रावळ त्याने स्वतः उचलून टाकली. संध्याकाळी तिघांनी कुस्त्यांचा फडही पाहिला. रात्री तो न सांगता चालू लागला.

जूनच्या सुरुवातीला अब्बा आणि काही मुले पेरणीच्या कामासाठी शाळेच्या आधीच साताऱ्यात आली. पहिल्या रात्री पंगत बसली. इथे कोण कुठे बसावे हे ठरलेले नव्हते, म्हणून मास्तर ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला बसू शकला. तसाच तो रोज बसू लागला. कामापुरते बोले. पाटलाला स्पेलिंगे विचारायला कुणी उरले नाही. माफी मागायची कशी, हे तिघांपैकी एकालाही येत नव्हते. बोर्डिंगात भाकरी शिकवत, हे कोण शिकवणार?

महिन्याच्या मध्याला रमजान लागला. बोर्डिंगात रोजे धरणारी मुले दोनच. पहाटे उठायचे, काहीतरी खायचे आणि दिवसभर पेरणीत राबायचे. उठण्याचीच पंचाईत होती. गजराचे घड्याळ कुणाकडे असणार? आदल्या संध्याकाळी मास्तर अब्बांच्या वळकटीपाशी येऊन उभा राहिला.

"मुलाणी, तुला पहाटे उठवणार कोण?"

"बघू."

"बघू काय? मी उठवतो."

त्याने महिनाभर उठवले. एक दिवस चुकला नाही. अब्बा आणि तो दुसरा मुलगा डोळे चोळत चुलीपाशी जात, तेव्हा तिथे पाटील आधीच बसलेला असे, तव्यावर भाकरी टाकून. पहाटेची पाळी त्याने मागून घेतली होती. चौघे चुलीभोवती बसत, बाहेर पाऊस चालू असे आणि स्पेलिंगांची घोकंपट्टी तिथेच पुन्हा सुरू झाली. त्या दुपारबद्दल कुणी कधी बोलले नाही.

ईद झाल्यावर अब्बांनी मास्तरला विचारले, घड्याळ नसताना तुला नेमकी जाग कशी यायची? तो म्हणाला, त्यात काय, मी झोपताना दोन तांबे पाणी पिऊन झोपायचो. उठावंच लागायचं.