तुतारीची सावली

आज आपण ज्या अवयवाविषयी बोलतो आहोत, तो निरोगी असला की सहसा दिसतच नाही. साध्या सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, बीजकोश दिसतात, पण त्यांच्या मधली बीजवाहिनी दिसली तर बहुधा तिच्यात पाणी साठलेलं असतं. मग ती ‘नॉर्मल’ कशी असते, हे आपल्याला कळलं कुठून?

पाडुआला शिकवणाऱ्या गाब्रिएले फालोप्पिओने १५६१ साली तिचं वर्णन छापलं, ते मृतदेह पाहून. बाहेरच्या टोकाला पसरत जाणारा तिचा आकार बघून त्याने तिला ‘तुबा’ म्हटलं. लॅटिनमध्ये तुबा म्हणजे तुतारी. आपल्याकडे आली ती इंग्रजी ‘ट्यूब’, आणि झाली नळी. तुतारी वाटेतच हरवली! नळी म्हटलं की डोक्यात प्रश्न एकच येतो: तुंबली आहे की मोकळी?

१८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, पण त्यांना हाडं दिसत, ही नाही. १९१४ साली अमेरिकेत विल्यम केरी आणि इसिडोर रुबिन या दोघांनी, आपापल्या परीने, कोलारगॉल हे चांदीचं औषध गर्भाशयात सोडून फोटो काढले. त्याने पोटातल्या आवरणाचा दाह होई. रुबिनने मग कोलारगॉलचा नादच सोडला. १९२० साली त्याने वायूची चाचणी मांडली: गर्भाशयात वायू सोडायचा आणि दाब बघायचा. वाट मोकळी असेल तर दाब उतरे, आणि उठून बसल्यावर बाईचा खांदा दुखे, कारण वायू श्वासपटलाखाली जमे. खांदा दुखला म्हणजे बातमी चांगली, बरं का! मात्र एक बाजू मोकळी की दोन्ही, ते त्यातून कळत नसे. ते कळू लागलं लिपिओडॉलने, म्हणजे आयोडीन मिसळलेल्या खसखशीच्या तेलाने. ब्युनोस आयर्सच्या कार्लोस ह्यूझरने १९२०च्या दशकात ते यासाठी वापरलं.

आज एचएसजीत आपण बघतो ते असं. गर्भाशयाच्या कोपऱ्यातून दोऱ्याएवढी रेघ निघते, दोन-तीन सेंटिमीटर तशीच जाते, मग रुंदावते. रुंद भागात आतल्या घड्यांच्या उभ्या फिकट रेषा उमटतात. शेवटी औषध पोटात सांडतं आणि आतड्यांभोवती पसरतं. हे सांडणं हीच खरी खूण. लांबी सारी दहा-बारा सेंटिमीटर.

पण हे चित्र बीजवाहिनीचं नव्हे, तिच्यातून गेलेल्या औषधाचं आहे. बीज पुढे ढकलणारी आतली सूक्ष्म लव त्यात दिसत नाही. शिवाय तपासणीच्या वेळी कोपऱ्यातला स्नायू आखडला, तर रेघ तिथेच थांबते आणि निरोगी वाहिनी बंद भासते. आपल्याकडे क्षयाने ती खरोखरही बंद होते, त्यामुळे असा फोटो झटकून टाकता येत नाही. पण काही मिनिटांच्या आखडण्यावरून ‘ट्यूब बंद’ हे दोन शब्द फाइलीत पडतात, आणि सासर-माहेर दोन्हीकडे वाचले जातात. आमच्या मते अहवालात लिहावं ते एवढंच: ‘या तपासणीत औषध कोपऱ्यापुढे गेलं नाही, खात्री करून घ्यावी.’