मेणाची अंगठी आणि अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट

आज पेटंटबद्दल बोलायचंय, पण कोडच्या नाही, अंगठीच्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'प्रायर आर्ट'वरून तासन्‌तास भांडतो. म्हणजे काय, तर तुमच्या आधी कुणी हेच करून ठेवलंय का? त्याचा सगळ्यात भारी किस्सा मला दागिन्यांत सापडला.

दुकानात एकाच डिझाइनच्या पन्नास अंगठ्या दिसतात ना, त्या कशा बनतात? आधी धातूची एक मूळ अंगठी. ती कच्च्या रबरात दाबून रबर तापवतात, मग कापून अंगठी बाहेर काढतात. आत उरते पोकळी. तिच्यात पातळ मेण भरलं की झाली मेणाची अंगठी. अशा बऱ्याच अंगठ्या मेणाच्याच दांड्यावर फांद्यांसारख्या चिकटवायच्या, भोवती प्लास्टर ओतायचं. भट्टीत मेण वाहून जातं, त्या जागी सोनं येतं. प्रत्येक वेळी मेणाचा नमुना मरतो, पण रबर शिल्लक राहतं. सगळी कमाई त्यातच आहे.

थोगर युंगरसन यांना या पद्धतीचं अमेरिकन पेटंट १९३८ मध्ये मिळालं. धंदा जोरात चालला, म्हणून नक्कलही झाली. ऑस्टबी अँड बार्टन या अंगठ्यांच्या कंपनीशी खटला सुरू झाला (तिचे संस्थापक ऑस्टबी टायटॅनिकवर गेले, हे जाता जाता). १९४९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पेटंटच रद्द केलं! सोळाव्या शतकातला इटालियन सोनार चेलिनी मेण वितळवूनच ओतकाम करायचा. टप्पे आधीच माहीत होते, नुसता धंदा चालला म्हणून शोध होत नाही. न्यायमूर्ती जॅक्सन यांना हे पटलं नाही. या कोर्टाच्या हाती न लागलेलं पेटंटच काय ते वैध, असा टोमणा त्यांनी मारला. मी जॅक्सनच्या बाजूचा. चेलिनीच्या काळात तापवून पक्कं केलेलं रबर होतं कुठे?

पण चेलिनीला तरी पहिला का म्हणायचं? त्याच्या चारशे वर्षं आधी कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' लिहिला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद असलेला तोच ग्रंथ. मूर्ती ओतताना मेण आधी तोलायचं, चांदी त्याच्या १२ पट आणि सोनं १६ पट घ्यायचं, असा हिशोब त्यात आहे. मी ताडून पाहिलं. चांदीची घनता साधारण १०.५, मेणाची एकाहून किंचित कमी, म्हणजे ११ पट लागणार. १२ घेतलं तर थोडी शिल्लकही राहते. शुद्ध सोन्याला १६ पट कमी पडेल, १८ कॅरेटला मात्र बरोबर बसतं.

आज कॅडवरून मेणाचा नमुना थेट प्रिंट होतो. तरी सीप्झसारख्या ठिकाणी ओतायच्या आधी मेणाचं झाड काट्यावर चढतंच, सोनं किती लागेल ते काढायला.